माळेगावच्या यात्रेत मोबाइलवर काढलेला एका बाबांचा फोटो पोर्ट्रेट स्पर्धेला पाठवला तर चालतो का?

चालतो, पण मोबाइलमधली मूळ फाइल तुमच्याकडं असेल तरच पाठवा. मी लातूरला फोटो लॅबमध्ये काम करतो, स्पर्धेसाठी प्रिंट काढायला येणाऱ्यातले निम्मे जण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो घेऊन येतात आणि तिथंच गणित फसतं, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि फोटो कधी, कशावर काढला ती आतली माहितीपण उडून जाते, आणि निवड झाली की बरेच आयोजक नेमकी ती मूळ फाइलच मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साइजचं टेन्शन घेऊ नका, १२ बाय ८ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात अन् १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४००० बाय ३००० देतो, फक्त झूम करून काढलेला नको.

पाठवायच्या आधी एवढं बघा:
- मागचं धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडनं फेट्याची कड नाहीतर मिशीचे केस खाल्लेत का (लई वेळा खाल्लेले असतात, मोठ्या प्रिंटमध्ये लगेच दिसतं)
- ब्यूटी फिल्टर चालू होता का. सुरकुत्याच पुसल्या तर मग बाबांच्या फोटोत राहिलं काय?

फक्त एक, फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असला तरी काही स्पर्धांत फोटोतल्या माणसाची लेखी संमती लागते, तेव्हा नियम वाचा आणि बाबांचा पत्ता लागत असेल तर आत्ताच सही घेऊन ठेवा.