व्हिसोत्स्कीचं म्युझियम घरात का?

प्रश्न : मी रशियन शिकतेय, क्लासमध्ये व्लादिमीर व्हिसोत्स्कीची गाणी ऐकवतात. मॉस्कोत त्याचं सरकारी म्युझियम आहे ना, मग पोलंडमध्ये एका बाईने स्वतःच्या घरात वेगळं म्युझियम कशाला काढलं? आणि अशा खासगी म्युझियमला कितपत महत्त्व द्यायचं?

उत्तर : भरपूर द्या! कारण व्हिसोत्स्की टिकला तोच मुळी लोकांच्या घरांत. बघा ना, मॉस्कोच्या तागान्का थिएटरचा स्टार नट, 1971 पासून तिथे हॅम्लेट करायचा, सहाशेच्या वर गाणी स्वतः लिहिली, चाली स्वतःच्या, सात तारांची गिटार आणि तो खरखरीत आवाज, आणि जिवंतपणी सोव्हिएत सरकारी रेकॉर्ड कंपनीने देशात काढल्या त्या बहुतेक छोट्या तबकड्या, कवितासंग्रह तर एकही नाही, पहिला आला 1981 मध्ये, तो गेल्यावर. तरी गाणी सगळ्या देशाला पाठ. कशी? तर कुणाच्या तरी घरी तो गायचा, टेपरेकॉर्डर चालू असायचा, मग त्या रिळावरून दुसरं रीळ, त्यावरून तिसरं, असं करत करत पार सायबेरियापर्यंत. आपल्याकडे खासगी मैफलींच्या टेपा दर्दी लोकांत फिरायच्या, तसंच काहीसं.

25 जुलै 1980 ला तो गेला, वय फक्त 42. मॉस्कोत तेव्हा ऑलिंपिक चालू होतं, पेपरात अगदी छोटी बातमी, आणि तागान्कासमोर माणसांचा समुद्र. या लोकांना कुणी बोलावलं नव्हतं हो, त्या टेपांनीच आणलं त्यांना.

तर पोलंडमधल्या कोशालिन गावात मार्लेना झिमना या अभ्यासक बाईंनी 1994 मध्ये घरात म्युझियम काढलं, जगभरातून त्याची रेकॉर्डिंग, फिल्म, फोटो जमवले, ते याच परंपरेतलं काम आहे असं मला मनापासून वाटतं. सरकारी म्युझियमला इमारत मिळते, पगारी माणसं मिळतात, पण एखाद्या मैफलीच्या अर्ध्या मिनिटाच्या फिल्मसाठी देशोदेशी पत्रं लिहीत बसायला अंगात वेडच असावं लागतं. अडचण एकच, असं म्युझियम एका माणसाच्या जिवावर उभं असतं. झिमनाबाई 2016 मध्ये गेल्या, त्यामुळे कोशालिनला जायचं ठरवलंत तर आधी नीट चौकशी करा.

खासगीतलं श्रीमंत म्युझियम बघायचं असेल तर रशियात येकातेरिनबुर्ग. तिथे एका बिल्डरने 188 मीटर उंच टॉवरलाच व्हिसोत्स्कीचं नाव दिलंय, आणि आत 2013 पासून म्युझियम आहे, व्हिसोत्स्कीची मर्सिडीज गाडी आहे, शेवटच्या दिवसांतल्या कवितेचं हस्तलिखित आहे जे पॅरिसच्या लिलावातून आणलं. गाडीपुढे गर्दी होणारच, तुम्ही मात्र हस्तलिखितापुढे थांबा, रशियन शिकताय तर त्याच्या हातची अक्षरं वाचता येतील.

आणि मॉस्कोला गेलात तर तागान्स्काया मेट्रोला उतरा, सरकारी म्युझियम आणि थिएटर दोन्ही तिथून चालत जाता येतं. वागान्कोव्हो कब्रस्तानात त्याची समाधी आहे, त्यासाठी ‘उलित्सा 1905 गोदा’ स्टेशन. 25 जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, लोक तिथे फुलं घेऊन येतात, थंडी मात्र कडाक्याची असते, तयारीने जा.