पैसे वाचले, माहिती गेली. मग दाद कसली मागायची?

विमा एजन्सीकडून आपली माहिती फुटल्याचं कळतं. पाठोपाठ भामट्याचा फोनही येऊन जातो. पण माणूस सावध असतो, ओटीपी देत नाही, पैसे वाचतात. मग घरातलेच म्हणतात, "गेलं काय तुझं? सोड की आता." ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात हा प्रश्न घेऊन येणारे बरेच भेटतात, आणि बहुतेक जण माफी मागितल्यासारख्या सुरात बोलतात: मॅडम, नुकसान तसं काही नाही, पण विचारावं म्हटलं.

कोल्हापुरातलं असंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यजमानांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. कुटुंबाची आरोग्य पॉलिसी एकाच एजन्सीमार्फत वर्षानुवर्षं चाललेली. एजंट घरच्यासारखा, गणपतीला येणार, चहा घेणार, चेक घेऊन जाणार. एके दिवशी त्यांच्या पत्नीला, काकूंना, फोन आला. शुद्ध मराठी बोलणारा तरुण, पॉलिसी नंबर बरोबर, नूतनीकरणाची तारीख बरोबर. मग म्हणाला, "तुमच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या क्लेममधले राहिलेले पैसे मंजूर झालेत, तेवढी प्रोसेसिंग फी भरा." काकूंनी फोन ठेवून दिला. नंतर दोनेक दिवसांनी एजन्सीचाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला: आमच्या कार्यालयाचा ईमेल हॅक झाला आहे, ग्राहकांनी काळजी घ्यावी.

यजमानांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, पैसं काय गेलं न्हाईत. पण आता बेंच आलंय न्हवं कोल्हापुरात, तिथं केस टाकता येती का?" मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये इथं सुरू झालं, तेव्हापासून शेताच्या बांधापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळं बेंचलाच न्यायचं असं अनेकांना वाटतं. तसं नसतं, पहिली पायरी खूप खाली असते, हे मी सांगत होते तेवढ्यात त्यांना वर्कशॉपमधून फोन आला आणि ते बाहेर गेले.

काकू तोवर गप्प होत्या. दार लागल्यावर म्हणाल्या, "ऑपरेशनचं मी घरात सुद्धा सगळ्यांना सांगितलं न्हाई. सासूबाईंना गाठ काढली एवढंच म्हाईत हाय. आणि त्यो कोण कुठला पोरगा फोनवर नाव घेऊन बोलतोय. अजून कुणाकुणाकडं असंल ते?" फोन वाजला की आता त्या उचलत नाहीत, मुलीचा असला तरी. बाजारात ओळखीचं कुणी टक लावून बघितलं तरी ह्याला कळलंय का असं वाटतं.

इथे मला प्रकरणाचा गाभा सापडला. यजमान पैशाचा हिशेब करत होते, आणि त्या हिशेबाने खरंच काही गेलं नव्हतं. गेलं होतं ते काकूंचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये इजा या शब्दाच्या व्याख्येत शरीर, मन आणि मालमत्ता तिन्ही येतात. समोरच्याच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेची भरपाई देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. म्हणजे बँकेच्या पासबुकात खड्डा पडलेला नसला तरी तक्रार उभी राहते. पॉलिसी यजमानांच्या नावावर असली म्हणून काकू बाहेरच्या ठरत नाहीत; सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. आरोग्य पॉलिसीचा हप्ता त्यात आरामात बसतो. वकील सक्तीचा नाही.

याच कायद्यात विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. ते वाचून लोक खूश होतात. पण हॅक झालं म्हणजे एजन्सीने स्वतः उघड केलं का, यावर समोरचा वकील तासभर बोलू शकतो. म्हणून मी तक्रारीत मुख्य मुद्दा सेवेतल्या त्रुटीचा ठेवते: डिस्चार्ज कार्ड, आधारची झेरॉक्स, क्लेमचे कागद असं सगळं एका साध्या ईमेल खात्यात, वर्षानुवर्षं, न पुसता पडून होतं.

दुसरा रस्ता माहिती तंत्रज्ञान कायद्याचा. कलम ४३अ नुसार संवेदनशील माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेकडून भरपाई मागता येते, आणि २०११ च्या नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशीलच आहेत. संस्था म्हणजे मोठी कंपनीच असं नाही, एकट्याच्या मालकीची एजन्सीही त्यात येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. पण या कलमाला कुणाचा तरी गैर तोटा किंवा गैर फायदा, म्हणजे बेकायदा मार्गाने झालेलं मालमत्तेचं नुकसान किंवा कमाई, दाखवावी लागते. काकूंच्या बाबतीत ते अवघड होतं. त्याच एजन्सीचे गडहिंग्लजकडचे एक ग्राहक मात्र फीच्या नावाखाली पैसे भरून बसले होते, त्यांना मी हा रस्ता सांगितला. त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला, कारण पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात आणि ते कायद्याची पुस्तकं चाळण्यात घालवायचे नसतात.

काकूंचा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली आणि २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, हे त्याने फोनवर सांगितलं होतं. काकूंनी विचारलं, "तिकडं सगळ्यांना मिळून केस करता येती, आपल्याकडं न्हाई व्हय?" येते. एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. अडचण कायद्याची नाही, माणसं गोळा करण्याची आहे. आमच्याकडे आलेल्या बाकीच्यांनी "एजंट पावण्यातला आहे" म्हणून पाय मागे घेतला. मला त्याचा राग येतो, पण कोल्हापुरात राहून त्याचं आश्चर्य वाटत नाही.

नव्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल हमखास विचारलं जातं. कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात नाही. उलट ती मुदत संपली की भरपाईचं ४३अ कलम वगळलं जाणार आहे. ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर हा सौदा मला पटलेला नाही.

विमा लोकपालांकडे, म्हणजे कोर्टाबाहेर विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाऊ का, असंही यजमानांनी विचारलं. आपल्या भागाचं कार्यालय पुण्यात आहे, खर्च काही नाही, आणि क्लेम नाकारला असेल तर मी तिकडेच पाठवते. पण लोकपाल थेट झालेल्या नुकसानापलीकडे भरपाई देऊ शकत नाहीत. काकूंचं दुखणं त्या मापात बसणारं नव्हतं. शिवाय त्याच विषयावर ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवावा लागतो.

तक्रार कुणाविरुद्ध? पॉलिसीचं पहिलं पान उघडून आम्ही बघितलं. तिथे एजंट कोड होता. एजंट हा कंपनीचा माणूस, त्याच्या कृत्यांची जबाबदारी कंपनीवर येते. ब्रोकर असता तर गोष्ट वेगळी, तो ग्राहकाचा प्रतिनिधी समजला जातो. यजमान एजंटला नुसतं चार शब्द सुनावून येणार होते. मी थांबवलं, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहायला लावलं: कोणती माहिती फुटली, कधी कळलं, माझ्या कोणत्या नोंदी तुमच्याकडे आणि एजन्सीकडे आहेत, पुढे काय केलंत. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. भामट्याच्या नंबरची तक्रार सायबर पोलिसांकडे. पैसे गेले नसले तरी फसवणुकीचा प्रयत्न हाही गुन्हा असतो.

पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी एजन्सीने तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला होता. मुलीने आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून निभावलं. यजमान दिवाळीत मेसेज आलेला फोन एक्स्चेंजला देणार होते, तो तसाच कपाटात ठेवायला सांगितला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की भांडण कमी होतं.

रागाच्या भरात त्यांनी हप्ताही थांबवला होता. हे मात्र कधीच करू नये. पॉलिसी बंद पडली तर काकूंच्या ऑपरेशनचा इतिहास घेऊन नवी मिळवणं किती कठीण! हप्ता भरायची वाढीव मुदत, ग्रेस पिरियड, अजून उरली होती. कंपनीच्या शाखेत जाऊन त्यांनी हप्ता भरला, पावती घेतली.

कंपनीचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं: आमची यंत्रणा सुरक्षित आहे, एजन्सीच्या खासगी ईमेलशी आमचा संबंध नाही. स्पीड पोस्टने नोटीस गेली, मग आयोगात तक्रार दाखल झाली, तक्रारदार काकू स्वतः. तिथे कंपनीनेच मध्यस्थीची तयारी दाखवली. रक्कम मी इथे सांगू शकत नाही, अटीच तशा आहेत. पॉलिसीची सेवा त्या एजन्सीकडून काढून शाखेकडे दिली, जुने कागद पुसल्याचं एजन्सीने लेखी दिलं.

अडलं ते माफीच्या पत्रावर. मसुदा यजमानांच्या नावाने आला, इंग्रजीत, 'सन्माननीय पॉलिसीधारक' वगैरे. यजमान म्हणाले, चालतंय की, सही करून टाकू. काकूंनी कागद पुढे सरकवला. "ऑपरेशन माझं. पत्र माझ्या नावानं पायजे, आणि मला वाचता येईल असं." मराठीतलं पत्र यायला आणखी एक तारीख गेली. ते वाचून झाल्यावर काकूंनी समजुतीच्या करारावर सही केली.