दोन आणि पाच वर्षांच्या मुलांना घेऊन दापोलीच्या किनाऱ्यावर तीन दिवस: आखणी कशी करावी?

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून निघून डिसेंबरात ३ दिवस दापोलीजवळ राहायचं आहे, सोबत २ आणि ५ वर्षांची मुलं आहेत. ती कंटाळतील का, कुठली ठिकाणं घ्यावीत आणि सामानात काय असावं. ठिकाणांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी कालनिर्णय उघडा. किनाऱ्यावर लहान मुलांचा दिवस मजेत जाणार की रडारडीत, हे बहुतेक वेळा ओहोटी सकाळी आहे की भर दुपारी यावर ठरतं. तारखा अजून पक्क्या नसतील तर तिथी बघून ठरवा.

हिशोब सोपा आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास असते. पुढे तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि तितकेच नंतर ओहोटी. म्हणजे तृतीयेची ओहोटी सकाळी आठला. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हेच लागू. हे गणित मुंबईच्या आसपास बरोबर बसतं. दक्षिणेला जाल तशी भरती आधी येते, रत्नागिरी-मालवणकडे साधारण तासभर. तेव्हा अंदाज यावरून बांधा आणि नक्की वेळ भरतीच्या कोष्टकात किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. किनाऱ्यावरच्या घरांत ही वेळ माहीत असतेच.

आता मुलांच्या दृष्टीने बघा. द्वितीया ते चतुर्थीला ओहोटी सकाळी सव्वासात ते पावणेनऊ या वेळात येते. ऊन कोवळं, मुलं ताजी, आणि नुकतंच उधाण होऊन गेल्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं. याहून चांगले दिवस नाहीत. द्वादशी ते चतुर्दशीला ओहोटी दुपारी सव्वातीन ते पावणेपाचला. संध्याकाळी वाळूत खेळायला हेही छान. सप्तमी ते नवमी मात्र टाळा. ओहोटी भर दुपारी, आणि भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे पाणी फारसं हटतही नाही. खडक पाण्याखालीच राहतात आणि वाळू तापलेली असते.

ओहोटीला करायचं काय, तर खडकांवर जायचं. पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दोन्ही टोकांना जिथे डोंगराची सोंड समुद्रात उतरते तिथे काळ्या कातळात डबकी उरतात. हर्णै आणि आंजर्ल्याच्या बाजूला अशी जागा मिळते. ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचा. म्हणजे पाणी हटत असताना तुम्ही पुढे जाता आणि ते वळलं की तुम्हीही वळता. ओहोटीच्या क्षणापासून परत फिरायचं, 'अजून पाच मिनिटं' नाही. कारण भरती सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर सहा तासांत ते साधारण १, २, ३, ३, २, १ असे चढतात. पहिल्या तासात काहीच होत नाहीये असं वाटतं आणि तिसऱ्या तासात पाणी धावत येतं. उधाणाला ३ मीटरचा चढ असेल तर त्या एका तासात पाऊण मीटर, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या कमरेच्या वर. सपाट पुळणीवर ५० पावलांना एक पाऊल उतार धरला, तर तेवढ्याच वेळात पाण्याची कड ३५ ते ४० मीटर आत येते. त्यामुळे दोन पुळणींच्या मधली सोंड खडकांवरून ओलांडून पलीकडे जाऊ नका. परतीची वाट आधी बुडते. किनाऱ्यावर उतरवलेल्या गाड्या रुततात त्याही याच हिशोबाने. गाडी वाळूवर नेऊच नका, आणि जिथे इतरांच्या गाड्या धावतायत तिथे मुलांना खेळायला बसवू नका. वाळूत बसलेलं दोन वर्षांचं मूल गाडीतून दिसत नाही.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. साध्या चपला शेवाळावर निसटतात, आणि अनवाणी गेलं तर कालवांच्या शिंपल्यांची धार पाय कापते. हिरवं, गुळगुळीत दिसेल तिथे पाय ठेवायचा नाही. खरखरीत, कोरड्या काळ्या दगडावर पकड मिळते. दोन वर्षांच्या मुलाला खडकांवर चालवू नका. एकाने मोठ्याला घेऊन खडकावर जावं, दुसऱ्याने धाकट्याला घेऊन कडेच्या वाळूत थांबावं आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करावी.

सोबत पांढरं प्लास्टिकचं टोपलं किंवा वाडगा घ्या. पांढऱ्या तळावर लहान जीव स्पष्ट दिसतात. डबक्यातलंच पाणी घालायचं, एका वेळी एकच जीव ठेवायचा, टोपलं सावलीत धरायचं आणि चार-पाच मिनिटांत उचलला तिथेच परत सोडायचा. जाळी नको, तिच्यात खेकड्यांचे पाय तुटतात. दगड उलटून बघितला तर होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालची ओली बाजू उन्हात वाळते आणि तिथलं सगळं मरतं. काय दिसेल? रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, खडकाला चिकटलेली समुद्रफुलं, लहान मासे, झिंगे, आणि नशीब असेल तर तारामासा. शंखातला खेकडा आत गेला की मुलाला पाण्यापाशी गप्प बसायला सांगा. सावली हलली नाही तर एक-दोन मिनिटांत तो बाहेर येतो. ही वाट बघणं पाच वर्षांच्या मुलाला जमतं आणि त्याला ते फार आवडतं.

हात कशाला लावायचा नाही हेही आधीच ठरवा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलायचा नाही. त्यातल्या काही जाती विषारी डंख मारतात. किनाऱ्यावर पडलेलं पारदर्शक किंवा निळसर जेलीसारखं काहीही, मेलेलं वाटलं तरी, काठीनेसुद्धा उलटायचं नाही. जेलीफिश लागलाच तर तिथे समुद्राचंच पाणी ओता, गोडं पाणी नाही, आणि चोळू नका. त्वचेला चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. मग मुलाला सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे ४० ते ४५ अंश, तो भाग किमान २० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना. शंखशिंपले गोळा करणं मुलांना आवडतंच, पण काही शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि रिकामा शंख हे खेकड्याचं पुढचं घर असतं. वाळूवर शंखांची नक्षी काढा, फोटो घ्या आणि ते तिथेच राहू द्या.

धाकट्यासाठी सपाट पुळण सगळ्यात चांगली. कर्दे आणि मुरुड ही दोन्ही गावं त्यासाठी योग्य आहेत. पाणी हटल्यावर वाळूत बारीक बारीक गोळ्यांची नक्षी उमटलेली दिसेल. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं अन्न गाळतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात. पाच मिनिटं न हलता बसलात तर ते बिळातून बाहेर येऊन पुन्हा कामाला लागतात. डिसेंबरात कुरव पक्ष्यांचे थवेही असतात. त्यांच्यामागे पळणं ठीक, पण शेव-कुरकुरे टाकू नका.

वाळूत खड्डा खणायचा तर मुलाच्या गुडघ्याइतका, त्याहून खोल नाही. ओली वाळू भिंतीसारखी उभी राहते आणि अचानक ढासळते, आणि मूल त्यात बसलेलं असेल तर हातांनी उपसून वेळेत काढणं कठीण जातं. याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पाण्यात मुलांनी घोट्याएवढंच जायचं, मोठ्या माणसाचा हात धरून, आणि शक्यतो भरती येत असताना. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं. खाडीच्या तोंडाशी कुठल्याही वेळी पाण्यात उतरवू नका. पुढे कधी गणपतीपुळ्याला गेलात तर तिथे पाणी चटकन खोल होतं. तिथे मुलांना वाळूतच ठेवा.

हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव मुलांना दाखवण्यासारखा आहे. दुपारी चारच्या सुमाराला होड्या यायला लागतात. गर्दी, ओरडा आणि घसरडी जमीन असल्यामुळे धाकटा कडेवर किंवा पाठीवरच्या झोळीत हवा. ढिगातल्या माशांना हात लावू देऊ नका. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा मासा मेल्यावरही तितकाच टोचतो. पुढे कधी मालवणकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला मिळाली तरी हेच. शिवाय तिथे दोराच्या वेटोळ्यात पाय नको आणि जाळ्यातून फेकलेल्या सापाजवळ जायचं नाही, समुद्री साप अतिशय विषारी असतात.

होडीने हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर जाणं दोन वर्षांच्या मुलासह मी सुचवणार नाही. उतरताना पाण्यातून आणि खडकांवरून जावं लागतं. एकाने मोठ्याला घेऊन जावं हे उत्तम. मोठ्यांचं लाइफ जॅकेट लहान मुलाला उपयोगाचं नाही. ते घालून खांद्यापाशी धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाईल. वजनानुसार मापाचं लहान जॅकेट घरूनच न्या. होडीची मजा धाकट्यालाही हवी असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे. गाडी बोटीवर चढली, हँडब्रेक लागला, की मुलांना गाडीबाहेर काढून वर बसायच्या जागी न्या. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं नाही. पलीकडे गुहागरपर्यंत जायची घाई नसेल तर पायी चढून तीच बोट परत पकडा, धाकट्याला तेवढं पुरतं.

प्रवासाबद्दल थोडं. ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड करत जाणार असाल तर नकाशा जेवढे तास दाखवेल त्यात दीड तास मिळवा. घाटात उलटीचा त्रास साधारणपणे दोन वर्षांच्या आत क्वचित होतो, काळजी मोठ्याची. निघायच्या दोन तास आधी हलकं खाणं, दूध नको, गाडीत मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, खिडकी थोडी उघडी. औषध द्यायचं तर मात्रा मुलाच्या डॉक्टरांकडूनच घ्या आणि निघण्याआधी द्या, घाटात नाही.

मुक्कामाच्या घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मुलांसाठी वरण तिखट न घालता वेगळं काढा. सकाळी घावणे, दुपारी मऊ भात-वरण हे कुठल्याही घरात मिळतं. मासे द्यायचे तर सुरमईची तुकडी, तिच्यातला मोठा काटा सहज काढता येतो; मांदेली आणि बोंबील मोठ्यांनी खावेत. शहाळं चालेल, पण जुलाब झाले तर शहाळ्यावर भागवू नका. ओआरएसची पुडी त्यावर लिहिलेल्या पाण्यातच, मोठी पुडी असेल तर पूर्ण १ लिटरमध्ये विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली तर मिठाचं प्रमाण चुकतं आणि त्रास वाढतो.

डायपर घालून वाळूत बसवलं की आत वाळू आणि खारं पाणी अडकून मांड्या सोलवटतात. किनाऱ्यावर पातळ सुती चड्डीच बरी. परतल्यावर आधी गोड्या पाण्याने अंघोळ, पूर्ण कोरडं करणं, मग खोबरेल. सनस्क्रीन ३० किंवा वरचं, बाहेर पडायच्या २० मिनिटं आधी आणि दर दोन तासांनी. १० नंतर मात्र सावलीतच. जेवण, झोप, पुन्हा ४ वाजता बाहेर. हा मधला वेळ ठिकाणं बघण्यात घालवला की संध्याकाळ वाया जाते.

एक धोका समुद्राचा नाही, वाडीतला आहे. जांभ्याच्या गडग्यांत (दगडी कुंपणांत), लाकडांच्या ढिगात आणि झावळ्यांखाली विंचू असतात. कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत मिळायला हवं. सकाळी बूट झटकून घालायचे, गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, रात्री अंगणात टॉर्च घेऊनच निघायचं. डंख झाला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. डंख झालेलं मूल लहान असेल तर लक्षणांची वाट न बघताच निघा.

तीन दिवसांचा साचा असा ठेवता येईल. पहिला दिवस प्रवासाचा, संध्याकाळी फक्त पुळण. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला खडक, दुपारी झोप, चारला हर्णै. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच डबक्यांवर जा, नवीन जागा नको. मुलांना आपली डबकी ओळखता येतात आणि कालचा खेकडा तिथेच आहे का हे त्यांना बघायचंच असतं. अकराच्या आत निघालात तर धाकटा सपाट रस्त्यावर झोपून घेईल आणि उजेडात घाट चढून व्हाल.