सगळीच जुनी बेसबॉल कार्डं भारी का नसतात?

तुमच्या शेजारच्या आजोबांनी मुलाला १९८८ ते १९९१ या वर्षांतल्या बेसबॉल कार्डांचा (खेळाडूचं चित्र छापलेली, लोक जमवतात ती छोटी कार्डं) खोकाभर ऐवज दिला. दुकानदार मात्र त्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि तिकडे एकेका कार्डाला लाखो डॉलर मोजले जातात, ते कसं काय, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीत राहतो आणि हा नाद मला जुना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या खोक्याबद्दल. त्या काळापर्यंत कार्डांना भाव येतो हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. कंपन्यांनी भरमसाट छापली, लोकांनी जपून ठेवली, एकही वाया गेलं नाही. त्यामुळे आज ती कोणाला हवीशी नाहीत. कार्ड भारी ठरायला ते नुसतं जुनं किंवा दुर्मीळ असून भागत नाही. ते हातचं गेलं याची एका अख्ख्या पिढीला हळहळ लागावी लागते. माझ्या मते सगळं इथेच आहे.

१९५२ साली टॉप्स या कंपनीनं काढलेलं मिकी मँटल या गाजलेल्या खेळाडूचं कार्ड घ्या, ३११ नंबरचं. खरं तर हे त्याचं पहिलं कार्ड नव्हे. ते बोमन या दुसऱ्या कंपनीनं आदल्या वर्षीच काढलं होतं. शिवाय टॉप्सनं मँटलचं कार्ड छपाईच्या तावावर दोनदा घेतलं होतं, म्हणजे त्याच मालिकेतल्या इतर बऱ्याच खेळाडूंपेक्षा ते जास्त छापलं गेलं. तरी बोली त्याच्यावरच लागते. का? टॉप्सच्या साय बर्जर यांनी त्या संचात कार्डाचा आकार वाढवला, रंग खुलवले, मागे खेळाडूची आकडेवारी दिली. पोरांना असं काही आधी मिळालंच नव्हतं. पण ३११ पासूनची शेवटची मालिका दुकानात आली ती हंगाम सरत आल्यावर, आणि माल पडून राहिला. १९६० मध्ये उरलेला साठा मालवाहू बार्जवर चढवून आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे समुद्रात टाकला, असं बर्जर यांनीच नंतर सांगितलं. ज्या पोरांकडे ते कार्ड होतं त्यांचं आयांनी घर आवरताना कचऱ्यात घातलं. तीच पोरं मोठी झाली, हातात पैसा आला आणि त्यांना ते कार्ड परत हवं झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलं एक अत्यंत स्वच्छ कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं.

दुसरं टोक म्हणजे पिट्सबर्गचा जुना खेळाडू होनस वॅगनर याचं कार्ड. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या टी२०६ संचातलं. नारिंगी पार्श्वभूमी, छातीवर पिट्सबर्ग, आकार जेमतेम दोन बोटांचा. वॅगनरनं आपलं चित्र छापायला हरकत घेतली आणि छपाई थांबली. तंबाखू पोरांच्या हाती जाऊ नये म्हणून की मोबदल्यावरून, यावर आजही वाद आहे. साठेक प्रतीच माहीत आहेत.

या कार्डाच्या दोन प्रतींची गोष्ट मुलाला जरूर सांगा. एक प्रत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांच्या भागीदारानं ४,५१,००० डॉलरना घेतली आणि पुढे २००७ मध्ये ती २८ लाखांवर गेली. कोपरे इतके धारदार की बघणारा थक्क व्हावा. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्यानं कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. दुसरी प्रत बाल्टिमोरच्या नन्सना वारशात मिळाली. तिच्या तीन बाजूंच्या पांढऱ्या कडा गेलेल्या, कोपऱ्याला घडी, वर लॅमिनेशन. २०१० मध्ये तिलाही अडीच लाख डॉलरांहून जास्त बोली लागली. मला विचाराल तर मी दुसरीपुढेच जास्त वेळ उभा राहीन. तिनं आपली झीज लपवलेली नाही.

स्थितीला महत्त्व आहेच. ग्रेडिंगवाले, म्हणजे कार्ड तपासून त्याचा दर्जा ठरवणारे, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग बघतात. सेंटरिंग तुम्हीही बघू शकता: डावी-उजवी आणि वरची-खालची पांढरी पट्टी सारखी आहे का, एवढंच. जुनं कार्ड असली की नकली, हे बघायला भिंग घ्या आणि खेळाडूचं नाव तपासा. टी२०६ मध्ये अक्षरं भरीव शाईची असतात. नक्कल असेल तर अक्षरातही ठिपके दिसतात.

हल्लीची ‘जगात एकच’ म्हणून मुद्दाम छापलेली कार्डं मला सहसा भुलवत नाहीत. टंचाई कारखान्यात ठरवलेली, तिला कसली आलीये हळहळ? पण पॉल स्कीन्स या खेळाडूचं तसलं एक कार्ड मला मनापासून आवडलं. पदार्पणाच्या सामन्यात त्यानं घातलेल्या जर्सीवरचा बिल्लाच त्यात बसवलाय. ते अकरा वर्षांच्या मुलाला पाकिटात सापडलं. स्कीन्सच्या पायरेट्स संघानं त्याबदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली, तरी कुटुंबानं लिलाव केला आणि २०२५ मध्ये त्याचे ११ लाख डॉलर झाले.

आता कामाचं. खोक्यात १९८९ सालचं अप्पर डेक कंपनीचं एक नंबरचं कार्ड शोधा, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं. तेही ढिगानं छापलं गेलं, पण त्या पिढीतल्या प्रत्येक पोराला ते हवं होतं, म्हणून आजही त्याला मान आहे. सापडलं तर कडेनं धरा, पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि ग्रेडिंगला पाठवायच्या आधी त्याची फी किती ते बघा. बाकीची मुलाला खुशाल हाताळू द्या, संघ लावू द्या, मित्रांबरोबर अदलाबदल करू द्या. आणि ग्रिफी सापडला तर सेंटरिंग नीट दिसेल असा पुढून-मागून फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.