रोज चांगलंच लिहिते, तरी मन वाईटाकडेच का धावतं?

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला एक बाई जाड वही घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिने, रोज सकाळी, 21 वेळा एकच ओळ: ‘मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे.’ प्रत्येक पानावर पहिल्या तीन-चार ओळी टपोऱ्या, आठव्या-नवव्या ओळीपासून अक्षर तिरकं होत गेलेलं आणि शेवटच्या ओळी नुसत्या ओढून पुऱ्या केलेल्या.

“ही ओळ लिहिताना मनात काय येतं?” असं विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खोटं. हेच येतं.”

वय 41, ऑफिसात जबाबदारीचं पद. दोन वर्षांपूर्वी एका अहवालात चुकीचा आकडा गेला आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून कुठलाही मेल पाठवला की धडधड सुरू. त्यांचा प्रश्न एवढाच होता: “इतकं करूनही फरक पडत नाही. माझा मेंदूच तसा आहे का?”

हा प्रश्न फार जण विचारतात आणि स्वतःला दोष देत विचारतात, म्हणून आधी त्या वहीबद्दल. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य मनाशी वारंवार म्हटल्यावर, स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्यांना उलट जास्त वाईट वाटलं. कारण न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्याविरुद्धचे पुरावे गोळा करू लागतं. म्हणजे रोज सकाळी 21 वेळा त्या नकळत त्या जुन्या चुकीचीच उजळणी करत होत्या. नेमात कसूर नव्हती, वाक्य चुकीचं होतं.

आता मेंदूचं. ज्या मज्जापेशी वारंवार एकत्र काम करतात त्यांच्यातले जोड पक्के होत जातात. काळजीचंही तसंच, तिचाही सराव होतो. पण या बाईंच्या बाबतीत खरी गाठ विचारात नव्हती, एका सवयीत होती, आणि ती आठवडाभराच्या नोंदीतून सापडली. नोंद साधी: काय घडलं, मनात नेमकं कुठलं वाक्य आलं, भीती 0 ते 100 मध्ये किती, आणि त्यानंतर काय केलं. पहिले दोन दिवस त्यांनी ‘टेन्शन आलं’ एवढंच लिहिलं. बहुतेकांचं असंच होतं. टेन्शन ही भावना झाली. आपल्याला हवं असतं त्याआधीचं वाक्य. तिसऱ्या दिवशी ते आलं: ‘आकडा चुकला असणार, आता सगळे हसतील.’ भीती 80. आणि चौथ्या रकान्यात रोज तेच: पाठवलेला मेल पुन्हा उघडला. एका मेलसाठी सात-सात वेळा.

दर वेळी मेल उघडून पाहिला की भीती पाच मिनिटं उतरते. मेंदू त्यावरून एवढंच शिकतो की तपासलं म्हणून वाचलो. पुढच्या मेलला तो आणखी जोरात ‘तपास’ म्हणतो. ही सवय चालू असेपर्यंत चांगल्या विचारांचा उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून ठरलं ते असं. मेल पाठवण्याआधी दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा फक्त आकडे. ‘पाठवा’ दाबलं की लगेच खुर्चीवरून उठून पाण्याची बाटली भरून आणायची. पुढची 30 मिनिटं तो मेल उघडायचा नाही. ‘कमी तपासेन’ असा नुसता निश्चय टिकत नाही. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच बांधून ठेवलं तर ऐन वेळी विचार करावा लागत नाही. भीती पहिली काही मिनिटं चढते आणि मग न तपासताही उतरू लागते. हा उतार स्वतः अनुभवणं हाच मेंदूचा खरा धडा. म्हणून दर दहा मिनिटांनी आकडा लिहायला सांगितला. त्यांचा पहिला कागद: 80, 85, 60, 40.

वहीतली ओळही बदलली. ‘मी दोनदा वाचलं आहे. चूक निघालीच, तर दुरुस्तीचा मेल पाठवता येतो.’ हे वाक्य किती पटतं? त्यांनी 100 पैकी 70 सांगितलं. 60 च्या खाली उत्तर आलं असतं तर तेही बाजूला ठेवलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात घोळ झाला. मेल उघडणं थांबलं, पण त्या शेजारच्या सहकारी मैत्रिणीला विचारू लागल्या, “बरोबर गेलंय ना गं?” हेही तपासणंच, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी. तेही त्याच 30 मिनिटांच्या नियमात घेतलं. पुढे दोन दिवस नेम चुकला तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. 21 दिवसांत सवय लागते असं त्यांनी ऐकलं होतं. लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या संशोधनात 96 जणांच्या सवयी पाहिल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणासाठी अंदाज 254 दिवसांचा. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची नाही, एवढंच त्यांना ठामपणे सांगितलं.

एक मात्र इथे सांगायलाच हवं. दोन आठवडे बहुतेक वेळ उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं, कशातच रस न राहणं, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. ती वेळ वही लिहिण्याची नसते.

दहाव्या आठवड्यात वरिष्ठांचा ‘जरा बोलायचंय’ असा निरोप आला. त्या दिवशीच्या नोंदीत भीती 45 होती. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं: बाटली भरली, मग गेले.