मॅडम म्हणतात घरात फक्त इंग्लिश बोला, मी मराठी सोडू का?

"ताई, मी कोल्हापूरची, नवरा तमिळ, राहतो बेंगळुरूला. मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. मी त्याच्याशी मराठीत बोलते, नवरा तमिळमध्ये आणि आम्ही दोघं आपापसात इंग्लिशमध्ये. तो 'मम्मा तण्णी दे ना' असलं काहीतरी मिक्स बोलतो. नवीन प्लेस्कूलच्या मॅडम म्हणाल्या तो वर्गात गप्प बसतो, कन्फ्यूज झालाय, घरात एकच भाषा ठेवा, इंग्लिश. सासूबाई म्हणतात तमिळ ठेवा. माझी बहीण म्हणते दोन-दोन भाषांची पोरं जास्त हुशार होतात, चालू ठेव. माझं डोकं फिरायची वेळ आलीये. – गोंधळलेली आई"

अगं, मराठी अजिबात सोडू नकोस. पण बहीण म्हणते म्हणूनही नको, कारण तिचं म्हणणं मॅडमपेक्षा बरं असलं तरी पूर्ण खरं नाहीये.

आधी तुझ्या पोराचं वाक्य बघ ना. तण्णी दे ना. तण्णी म्हणजे पाणी, हा शब्द तमिळ, बाकी सगळी वाक्यरचना मराठी, आणि वर तो लाडीगोडीचा 'ना' पण बरोब्बर जागेवर! याला कन्फ्यूज म्हणायचं असेल तर 'मीटिंग लेट झाली, कॅब बुक कर' म्हणणारे आपण सगळेच कन्फ्यूज. एका भाषेत शब्द पटकन सापडला नाही की दुसरीतला उचलायचा, हे दोन भाषांत वाढणारी जगभरातली मुलं करतात.

आता ही भीती आली कुठून? 1923 साली ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात वेल्श-इंग्लिश बोलणारी मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे पडली असं निघालं. गंमत म्हणजे हा फरक खेड्यातल्या मुलांत दिसला, शहरातल्या मुलांत नाही, म्हणजे खोट भाषेत होती की परिस्थितीत ते तूच ठरव. पुढे 1962 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला पील आणि लँबर्ट या संशोधकांनी साधारण सारख्याच घरांतली मुलं घेऊन तुलना केली तर दोन भाषावालीच पुढे निघाली, आणि मग वारं एकदम उलटं फिरलं, दुभाषिक म्हणजे शार्प, लक्ष जास्त, मेंदू तल्लख वगैरे वगैरे. बहिणीला फॉरवर्ड येतात ते या बाजूचे. पण 2019 मध्ये अमेरिकेतल्या 9-10 वर्षांच्या साधारण साडेचार हजार मुलांचा डेटा तपासला तेव्हा लक्ष देणं, स्वतःला आवरणं असल्या गोष्टींत दोन भाषावाल्यांना काही खास फायदा दिसला नाही. म्हणजे तोटा नाही आणि टॉनिक पण नाही. (हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती ढासळण्याच्या आजाराचे, 648 पेशंट तपासले होते, त्यात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षर लोकांत सुद्धा. यावरही तज्ज्ञांचे वाद आहेत, आणि तुझ्या लेकाच्या म्हातारपणाला अजून बराच अवकाश आहे.)

मॅडमना त्याच्याकडे शब्द कमी वाटत असतील, पण त्या फक्त इंग्लिश शब्द मोजतायत, आणि ती भाषा त्याला सगळ्यात कमी ऐकायला मिळालीये. तिन्ही भाषांतले एकत्र मोजले तर चित्र वेगळं दिसेल. नवीन शाळेत, नवीन भाषेत काही महिने गप्प राहून नुसतं ऐकणं पण कॉमन आहे.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जवळपास 1900 घरांचा सर्व्हे झाला होता, तिथे आईबाप घरात वेगळी भाषा बोलत असूनही साधारण चारातल्या एका घरात मुलं ती भाषा बोलतच नव्हती. तुझ्याकडे बाहेर कन्नड, शाळेत इंग्लिश, तुम्ही दोघं इंग्लिश, मराठी बोलणारी तू एकटी! इंग्लिश शाळेतून आपोआप येणारच आहे, मराठी तू नाही बोललीस तर येणार कुठून? भरपूर बोल त्याच्याशी, भाजी निवडताना, आंघोळ घालताना, भांडताना सुद्धा. तो तण्णी म्हणाला की टोकू नको, "पाणी हवंय? हे घे पाणी" म्हण आणि पुढे चल. कोल्हापूरच्या आजीला व्हिडिओ कॉल लाव, नुसतं मराठी कार्टून लावून देऊन फार काही होत नाही. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग झालाय, समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ती चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली, तेच टीव्हीवरून नाही शिकली. आणि सासूबाईंना तमिळच बोलू दे, घरातल्या घरात टीचर मिळालीये.

डॉक्टरकडे कधी जायचं? दोन वर्षं पूर्ण झाल्यावरही सगळ्या भाषा मिळून 50 शब्द नसतील, दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर वाट न बघता आधी कानाची तपासणी आणि मग स्पीच थेरपिस्ट. बोलायला उशीर दोन भाषांमुळे होत नाही, त्यामुळे तिथेही कुणी "एक भाषा बंद करा" म्हणालं तर दुसरा थेरपिस्ट बघ. तुझा मुलगा तीन शब्द जोडतोय, तरी मन खातच असेल तर एकदा कान तपासून घे.

मॅडमशी वाद घालत बसू नको. पाणी, तण्णी, शू, भूक, बास, पाटी असे त्याचे रोजचे शब्द इंग्लिश अक्षरांत लिहून अर्थासकट त्यांना दे, आणि 'पाटी' म्हणजे लिहायची नाही, तमिळ आजी, हे आवर्जून सांग.