रीडओन्ली केलेली मोजणी शून्यावरच का राहते?

प्रश्न : सोसायटीच्या गेटमधून आत येणाऱ्या गाड्या मोजण्यासाठी मी सी शार्पमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. ‘मोजणी’ या स्ट्रक्टमध्ये आकडा आहे आणि ‘वाढव’ ही मेथड तो एकाने वाढवते. क्लासमध्ये ही मोजणी ठेवणारे फील्ड रीडओन्ली (म्हणजे नंतर न बदलता येणारे) केल्यापासून आकडा शून्यावरून हलत नाही आणि कंपायलरही काही बोलत नाही. असे का होते?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : स्ट्रक्ट हा व्हॅल्यू टाइप, म्हणजे डेटा थेट स्वतःतच ठेवणारा प्रकार, असल्यामुळे रीडओन्ली फील्ड बदलू न देणे म्हणजे त्याच्या आतला आकडाही बदलू न देणे. मात्र ‘वाढव’ आत काय करते हे कंपायलर तपासत नाही. म्हणून तो फील्डची तात्पुरती प्रत काढतो, मेथड त्या प्रतीवर चालवतो आणि प्रत टाकून देतो. तुमची मोजणी प्रत्येक वेळी शून्याची एक होते, पण त्या टाकून दिलेल्या प्रतीत. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, मात्र हेच फील्ड बदलता येते, त्यामुळे तिथे केलेली वाढ टिकते आणि चाचणी घेणारा आणखीच गोंधळतो.

असे फसवे वर्तन भाषेने निमूटपणे चालवून घ्यावे, हे मला पटत नाही. स्विफ्ट या दुसऱ्या भाषेत स्ट्रक्टचा आतला डेटा बदलणाऱ्या मेथडवर ‘म्युटेटिंग’ लिहावेच लागते आणि ‘लेट’ने (न बदलणारा म्हणून) बांधलेल्या स्ट्रक्टवर ती वापरली की तिथेच एरर येते.

लिस्टमध्येही हीच गफलत होते. लिस्टचा इंडेक्सर (क्रमांकाने घटक मिळवण्याची सोय) घटकाची प्रत देतो, म्हणून लिस्टमधल्या स्ट्रक्टचे फील्ड थेट बदलू पाहिले तर एरर येते, पण त्याच घटकावर ‘वाढव’ वापरली तर काहीही न कळता वाढ प्रतीतच विरते. ॲरेचा इंडेक्सर मूळ जागाच देत असल्याने तिथे दोन्ही चालते.

नुसते ‘रीडओन्ली’ काढल्याने आजचे काम भागेल, पण उद्या हीच मोजणी लिस्टमध्ये गेली की पुन्हा तीच अडचण येईल. गेटची मोजणी अनेक ठिकाणांहून वाढणार असेल, तर तिचा सरळ क्लास करावा, म्हणजे प्रत न निघता सगळीकडून तीच एक मोजणी वाढेल. स्ट्रक्टच हवा असेल, तर 2017 च्या सी शार्प 7.2 पासून मिळणारा रीडओन्ली स्ट्रक्ट (ज्याच्या मेथडना आतला डेटा बदलता येत नाही) वापरावा आणि ‘वाढव’ने आतला आकडा न बदलता वाढलेली नवी मोजणी परत द्यावी. त्यासाठी फील्ड रीडओन्ली ठेवता येणार नाही, पण नवी किंमत फील्डमध्ये भरणारी ओळ तुम्हाला स्वतःच लिहावी लागेल आणि बदल कुठे होतो ते कोड वाचणाऱ्याला तिथेच दिसेल.